वाट विचारावी कोणाला?



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. ‘तरुणांचे मार्गदर्शन व समुपदेशन’ हा विषय मुंबई-पुण्याच्या कॉलेजात शोभावा. सास्तूरसारख्या गावी, उन्हाळ्याच्या संध्याकाळी, शेतीची कामे आटोपून जमलेल्या मंडळींपुढे त्याचे काय प्रयोजन, हा प्रश्न रास्तच आहे. समुपदेशन हा शब्दही मुळी नवा. आमच्या आजोबांच्या कानी तो कधी पडला नाही. पडला असता तर कीर्तनकाराच्या तोंडचा एखादा शब्द असावा असे समजून त्यांनी मान डोलावली असती. तथापि जुन्या हकीगती चाळू लागलो म्हणजे असे दिसते, की हे काम महाराष्ट्रात दोन वाटांनी आले. एक वाट शहराची. गाव सोडून गेलेल्या पोराला आपले मन कोणापुढे उघडे करावे हे कळेना, तेव्हा त्याची विचारपूस करणारा माणूस मुद्दाम नेमावा लागला. दुसरी वाट आपत्तीची, आणि ती आमच्या तेरणाकाठावरून गेली आहे. या दोन वाटांचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

मार्गदर्शनाची गरज माणसाला सर्वकाळ होतीच असे नाही. ज्या गावात कुणब्याच्या पोराने औत धरावयाचे, सुताराच्या पोराने वाकस आणि कुंभाराच्या पोराने चाक, त्या गावात ‘पुढे काय करू?’ हा प्रश्नच उद्भवत नाही. लग्न कोणाशी, कर्ज कोणाकडून, भांडण तुटावयाचे कोणापुढे, हेही ठरलेले. मनाला काही टोचले तर आजी होती, मामा होता, पारावरचा एखादा म्हातारा होता. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. जिथे निवड नाही तिथे सल्लाही लागत नाही, एवढेच. मुलीला तर कोणी काही विचारीतच नव्हते. गावकुसाबाहेरच्या पोराची वाट नुसती ठरलेली नव्हती, ती अडवलेली होती. म्हणून जुन्या काळी मुलांना घरचा आधार होता असे कोणी म्हटले, की कोणत्या मुलांना, असे लगेच विचारावे.

शहरात गेलेल्या मुलांचा पहिला आधार अन्नाच्या वाटेने आला. शिक्षणासाठी पुण्यास गेलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवी; आठवड्याचे सात वार, सात घरे. त्या सात घरांतली एखादी माउली ताट वाढताना ‘का रे, आज तोंड उतरलेले दिसते?’ असे विचारी, आणि पोराच्या डोळ्यांत पाणी येई. आजच्या शास्त्रात या प्रश्नाला मोठे नाव आहे. परंतु वारांची ही सोय जातीचा उंबरठा ओलांडीत नसे. ज्याला त्या सातांपैकी एकही दार उघडे नव्हते त्याने काय करावे? हा प्रश्न ओळखूनच शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांची वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह काढले. सोलापूर हे आमच्या भागाचे जवळचे मोठे शहर असल्यामुळे या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व आम्हांस अधिक वाटते. वसतिगृहांचे इतिहास लिहिताना आपले लेखक इमारतीचे, देणगीदारांचे आणि कोनशिलेचे वर्णन मन लावून करतात. पण रात्री अकरा वाजता एखाद्या पोराने गृहपालाचे दार ठोठावून काय विचारले, याचे टिपण कोणी ठेविले नाही. आमच्या मते वसतिगृहाचा खरा इतिहास तोच होय, आणि तो बहुतेक बुडाला.

गिरणीत लागणाऱ्या पोराची गोष्ट निराळी. मुंबईत त्याला कामावर लावून देई तो मुकादम. गिरणीच्या भाषेत जॉबर. पाठ टेकावयास गावकीची खोली, पाळ्या-पाळ्यांनी झोपणारी माणसे, आणि महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे जेवण घालणारी खाणावळवाली. मुकादमाकडे नोकरी मिळे, कर्ज मिळे, सल्ला मिळे आणि दमही मिळे. चारही गोष्टी एकाच हाती असल्या म्हणजे सल्ल्याचे काय होते, हे सांगावयास पंडित नको. ज्याचा आपल्या पगारात वाटा आहे तो आपल्याला ‘ही नोकरी सोड’ असे कधीच सांगणार नाही. खाणावळवाली त्या मानाने निःस्वार्थी. पण तिच्या हाती उपाय नव्हता. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून कामगार वस्तीत रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालविली, तेव्हा मुकादमाच्या दाराखेरीज विचारावयास दुसरे एक दार उघडले.

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. याच जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीत वावरलेला एक तरुण पुढे आमच्या मुलखात आला. सध्याच्या लोहारा तालुक्यातील हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली होती, तिचा तो मुख्याध्यापक झाला. तेच स्वामी रामानंद तीर्थ. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून आपण सर्व जण त्यांना वंदन करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या चरित्रातली शिक्षकपणाची वर्षे आपण फार घाईने ओलांडतो. निजामाच्या राज्यात मराठी पोराला उर्दू येत नसेल तर कचेरीचे दार बंद, आणि मराठी शाळा तर बोटांवर मोजण्याइतक्या. अशा काळात ‘शिकून मी होणार कोण?’ या प्रश्नाचे उत्तर हिप्परग्याच्या शाळेने दिले. ते उत्तर नोकरीचे नव्हते. पण विचारणाऱ्या पोरापाशी राहणारा, त्याच्याबरोबर जेवणारा असा एक माणूस तिथे होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता शास्त्राकडे वळू. मार्गदर्शन हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून जन्मला तो अमेरिकेत. फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थाने १९०८ साली बॉस्टन शहरात एक कचेरी उघडली. परदेशांतून येऊन त्या शहराच्या गर्दीत हरवलेल्या तरुणांनी तिथे यावे, आपली आवड, आपली ताकद आणि बाजारातली कामे यांचा मेळ बसवून घ्यावा, अशी कल्पना. त्याच वर्षी पार्सन्स वारला; त्याचे पुस्तक १९०९ मध्ये निघाले आणि त्याची पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन गृहस्थांनी मुंबईच्या नागपाड्यात गरीब वस्तीसाठी केंद्र चालविले होते. ते १९३६ साली सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे पहिले संचालक झाले, आणि त्या विद्यालयाने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन चिकित्सालय उघडले. पुढे १९४१ साली बाटलीबॉय व्यवसाय मार्गदर्शन केंद्र, १९४७ साली पारशी पंचायतीचे केंद्र, आणि १९५० मध्ये खुद्द मुंबई सरकारचे. माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये शाळांतून मार्गदर्शन असावे अशी शिफारस केली. १९५४ मध्ये दिल्लीस मध्यवर्ती केंद्र निघाले. शाळेतल्याच एखाद्या मास्तरांना थोडे शिकवून ‘करिअर मास्तर’ करावे, अशी योजना आली. आपल्या देशात योजनांची उणीव कधीच नव्हती.

यांतले आमच्या वाट्याला काय आले? मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या ताब्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. मुंबईतल्या कचेरीचा आमच्या मुलांशी संबंध कसा यावा? मराठवाडा महाराष्ट्रात आल्यावरही ‘करिअर मास्तर’ हा प्राणी आमच्या खेड्यांत अभावानेच दिसला. पण खरी अडचण अंतराची नव्हती. पार्सन्सच्या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मुलाचे घर जागेवर आहे, जेवणाखाण्याची काळजी कोणीतरी करते आहे, आणि त्याने फक्त निवड करावयाची आहे. ज्याचे घरच जागेवर नाही त्याला आवडीनिवडीच्या तक्त्याचा काय उपयोग?

ही अडचण आमच्या एकट्याची नाही. पश्चिम आफ्रिकेत या शतकापूर्वीच्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, लागोस, इबादान, आक्रा अशी शहरे झपाट्याने वाढली आणि खेड्यांतली पोरे तिकडे लोटली. तिथेही आपल्या गावकीसारखीच एकेका गावच्या लोकांची मंडळे शहरात उभी राहिली. नवख्या पोराला खोली, ओळख आणि अडचणीला पैसा ती पुरवीत. केनेथ लिटल या अभ्यासकाने १९६५ साली या मंडळांवर पुस्तकच लिहिले. ते वाचताना परळ-लालबागची आठवण होते. नायजेरियातील शाळेत मार्गदर्शनाचा आरंभ १९५९ साली झाला असे मानतात. इबादानच्या सेंट तेरेसा कन्या महाविद्यालयातील ख्रिस्ती भगिनींनी शेवटच्या वर्गातील मुलींसाठी शहरातील निरनिराळ्या व्यवसायांतल्या जाणत्या माणसांना बोलाविले आणि ‘तुम्ही काय काम करता ते या मुलींना सांगा’ अशी विनंती केली. यंत्र नाही, तक्ता नाही. ज्याने वाट तुडविली आहे त्याला वाट विचारली, इतकेच. इबादान असो की सोलापूर, गाव सुटलेल्या मुलाला प्रथम हवे असते ते ओळखीचे माणूस; कोणते काम धरावे हा प्रश्न त्यानंतरचा.

शहर जे काम दोन पिढ्यांत करते ते आमच्याकडे मिनिटभराच्या आत झाले. ३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे उशिरा आडवी झालेली. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. आमच्या घरांच्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या, दोन-दोन हात रुंद. वर लाकडाच्या माळवदावर मातीचा थरावर थर. उन्हाळ्यात गारवा देणारे ते माळवदच छातीवर आले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे झोपेतच गाडली गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून किती माणसे गेली याचे आकडे निरनिराळे सांगतात. ते आठ ते दहा हजारांच्या घरात जातात. पुढे बावन्न गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसविली गेली.

या आकड्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस आज वेगळी गोष्ट दाखवावयाची आहे. त्या पहाटे मेलेल्यांत आजी होती, मामा होता, पारावरचा म्हातारा होता. मुलाने ज्यांना ज्यांना विचारावयाचे ती माणसे एकाच वेळी गेली. जी उरली ती स्वतःच दिङ्मूढ. बाप जिवंत असला तरी तो पत्र्याच्या शेडसमोर नुसता बसून राही. आणि पाठोपाठ गावात प्रश्नांची रीघ लागली. सरकारी मदत कोणाच्या नावे घ्यावयाची? अनाथ झालेली मुलगी कोणाच्या घरी राहील? दहावीचा फॉर्म कोण भरणार? चुलत्याकडे राहिलेल्या मुलाच्या नावावरची जमीन कोण पेरणार, आणि पीक कोणाचे? हे प्रश्न दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या अंगावर येऊन पडले. त्या वयात आपण विटीदांडू खेळत होतो, हे श्रोत्यांनी क्षणभर आठवून पाहावे.

त्या वेळी बाहेरून मदत अपार आली. कपड्यांचे ढीग आले, डॉक्टर आले, मंत्री आले, छायाचित्रकार तर फारच आले. पण मुलांच्या बाबतीत विचार करून उभी राहिलेली कामे मोजकी, आणि त्यांनी एकाच प्रश्नाला तीन निरनिराळी उत्तरे दिली. इतिहास म्हणून ही तीन उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेचे. त्यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुले पुण्यास नेली; पुण्याजवळ वाघोलीस त्यांच्यासाठी शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. दुसरे उत्तर नळदुर्गाजवळचे ‘आपलं घर’. राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेतले समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांनी अनाथ मुलांना जिल्ह्यातच, सोलापूरच्या रस्त्यावर, घर दिले. तिसरे उत्तर हराळीचे. पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेली ज्ञान प्रबोधिनी ही संस्था बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठी व मानसशास्त्राच्या अभ्यासासाठी ओळखली जाते. भूकंपानंतर ती लोहारा तालुक्यातल्या हराळी गावी आली, आणि तिने तिथेच निवासी शाळा व शेतीचे शिक्षण सुरू केले.

म्हणजे एकाने मुलांना संकटापासून दूर नेले, दुसऱ्याने जवळपास ठेविले, आणि तिसऱ्याने शाळाच संकटाच्या जागी आणली. यांतले बरोबर कोणते? त्या काळी गावोगाव यावर वाद झाले असणार, आणि ते साहजिक होते. मुले पुण्यास नेण्याच्या बाजूने पुष्कळ बोलता येते. ढिगाऱ्याच्या सान्निध्यात शाळा शिकणे म्हणजे रोज जखमेवरची खपली काढणे. पुण्यास पोटभर अन्न, नियमित वर्ग, आणि मुख्य म्हणजे शेजारच्या खाटेवर तसेच सोसलेले दुसरे मूल. ज्याला काहीच सांगावे लागत नाही असा मित्र, ही लहान गोष्ट नव्हे. पण या मार्गाची किंमतही होती. सुटीत गावी आलेल्या मुलाला नवे गाव परके आणि जुने गाव नाहीसे झालेले. शहर त्याला कळू लागले तसतसे शेत कळेनासे झाले. नळदुर्गच्या मुलांना हा ताण कमी. आपल्या बोलीत, आपल्या उन्हापावसात ती वाढली. मात्र लहान संस्थेची झोळी लहान, आणि दर वर्षी ती पसरावी लागते. हराळीच्या मार्गाला तर फळ येण्यास दशके लागावयाची. जी मुले १९९३ साली चौदा वर्षांची होती त्यांना इतका वेळ नव्हता.

आमचे मत विचाराल तर आम्ही ते लपविणार नाही. तिन्ही कामांत मुलांना खरा आधार झाला तो संस्थेतल्या राहणाऱ्या माणसांचा. भूकंपानंतर पहिल्या वर्षात शिबिरे घेऊन गेलेले लोक असंख्य. त्यांनी मुलांकडून चित्रे काढविली, गाणी म्हणवून घेतली, आणि ते निघून गेले. त्यांचा हेतू चांगला होता. पण ज्या मुलाच्या आयुष्यातून आठ-दहा माणसे एकाच रात्री न सांगता निघून गेली आहेत, त्याला आणखी एक माणूस जवळ येऊन निघून जाणे हा उपचार होत नाही. जी माणसे दहा-दहा, वीस-वीस वर्षे तिथेच राहिली त्यांच्यापाशी मूल हळूहळू बोलले. हिप्परग्याच्या शाळेची गोष्ट आठवावी असे मघाशी म्हटले ते याचसाठी.

शास्त्राला यात स्थान नाही असे मात्र कोणी समजू नये. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. मोहन आगाशे, ज्यांना आपण ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना म्हणून अधिक ओळखतो, यांनी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास आणि उपचार हाती घेतला. आपत्तीत मनालाही इजा होते आणि तिच्यावर सरकारी खर्चाने इलाज करावयाचा असतो, ही गोष्ट आपल्या राज्यकारभाराला तोवर फारशी परिचयाची नव्हती. गावचा माणूस ‘माझे मन आजारी आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, छातीत धडधडते, अन्न गोड लागत नाही, छताखाली झोप येत नाही. ही तक्रार घेऊन तो अंगाच्या डॉक्टरकडे जातो आणि टॉनिकची बाटली घेऊन परततो. त्या बोलीमागचे दुःख ओळखावयास शिकलेलाच माणूस लागतो. राहणारा माणूस आणि शिकलेला माणूस, दोघेही हवेत. आपल्याकडे दोघांची गाठ क्वचितच पडली.

आता पहिल्या वाटेकडे परत येतो, कारण ती बंद झालेली नाही. भूकंपानंतर जन्मलेली आमची मुले दहावी होताच लातूरची गाडी धरतात. ‘लातूर पॅटर्न’ची कीर्ती मोठी, शिकवणीच्या वर्गांची फी त्याहून मोठी. एका खोलीत चौघे, मेसचा डबा, भिंतीवर वेळापत्रक. पुढे कोणी पुण्यास, कोणी हैदराबादेस. गिरणगावातल्या खोलीत आणि या खोलीत मोठा फरक हा, की त्या खोलीत निदान एक तरी वडीलधारा गाववाला असे. या खोलीत चौघेही सतरा वर्षांचे. बाप फोन करतो आणि दोनच प्रश्न विचारतो: पैसे पोहोचले का, आणि मार्क किती पडले. उत्तर बरे मिळाले की फोन खाली. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ नावाची सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करून मनातले बोलता येते, पैसे पडत नाहीत. ही सोय चांगली आहे आणि हा आकडा घरोघर लिहून ठेवावा. पण परीक्षेत नापास झालेल्या पोराने आधी घरी फोन करावा की त्या क्रमांकावर, हे कोण ठरविते? ते बापाच्या आधीच्या शंभर फोनांनी ठरलेले असते.

आमच्या बोलण्यात एक उणीव आहे आणि ती आम्हांस ठाऊक आहे. वाघोलीची, नळदुर्गची, हराळीची हकीगत आम्ही बाहेरून सांगितली. जी मुले १९९३ साली दहा वर्षांची होती ती आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. त्यांतली कोणी शिक्षक झाली, कोणी दुकान टाकले, कोणी शेतीवर परतली. त्यांचीच मुले आता लातूरच्या खोल्यांतून राहतात. त्या वर्षी रात्री खाटेवर पडल्यावर कोणाशी बोलावेसे वाटले, कोण ऐकावयास होते आणि कोण नव्हते, हे त्यांच्याखेरीज कोणालाही सांगता यावयाचे नाही, आणि आजवर त्यांना ते फारसे कोणी विचारलेही नाही. या सभेत त्यांच्यापैकी काही जण बसलेले असतील. आमचे बोलणे येथे थांबवितो. अध्यक्षांची परवानगी असेल तर पुढचा वेळ त्यांना द्यावा.